पट्टीचे चार स्क्रू

स्पिरिटची बाटली तिने उलटी केली, पण एक थेंबही पडला नाही. बुचाच्या आत नुसती कोरडी धूळ होती. म्हणजे ती आज संपलेली नव्हती.

"स्पिरिट कधी संपलं हो?"

मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीत बसून एका जुन्या दुनळी बंदुकीच्या दस्त्याला पॉलिश चोळत होते. "तूच सांगितलंस ना आणायला. आणतो म्हटलं होतं."

"पण मी सांगितलं कधी?"

"आता तुझ्या हुकुमांची वहीही ठेवू का मी?"

एरवी तिने याला सव्याज उत्तर दिलं असतं. आज तिला कालचं काम आठवलं. काल दुपारी तिने धाकट्या भावाच्या रायफलीवर दुर्बीण बसवली होती.

बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर नाव मिस्त्रींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांची बोटं थरथरू लागली आणि बारीक काम आपोआप तिच्याकडे आलं. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, भिंग डोळ्याला लावून ती ते करायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, वहिनी आत स्वयंपाकाचं बघतात. "वहिनी, मिस्त्रींच्या हाताला तोड नाही हं," असं कुणी म्हटलं की ती पदराला हात पुसत "हो ना" म्हणायची. सख्ख्या भावालाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

काम तसं चार स्क्रूंचं. रायफलीच्या पाठीवर आधी पोलादी पट्टी बसते, पट्टीवर कड्या आणि कड्यांमध्ये दुर्बीण. गोळी सुटली की सगळ्याला हादरा बसतो, जीपमध्येही बसतो आणि हादऱ्यांनी स्क्रू हळूहळू फिरतात. म्हणून पट्टीच्या स्क्रूंच्या आट्यांवर थ्रेडलॉकरचा एकेक निळा थेंब लावायचा. तो आत घट्ट होतो आणि आटे धरून ठेवतो. फक्त आटे कोरडे हवेत. तेलाचा नुसता ओशटपणा राहिला तरी त्याची पकड बसत नाही. म्हणून आधी ते स्पिरिटने पुसायचे.

आणि या घरात तर लोखंड हाती आलं की तेलाच्या फडक्याने पुसायचं, ही सासऱ्यांच्या वेळची शिस्त. गंज म्हणजे घरात शिरलेला चोर, असं ते मानत. सासूबाई वैतागून म्हणायच्या, या घरात भाजी चिरायच्या सुरीलाही बंदुकीचा वास येतो. तिने नाकं मुरडत शिस्त उचलली आणि आता ती तिच्या बोटांतच मुरली होती.

तिने डोळे मिटले आणि कालचं काम हातांनी पुन्हा करून पाहिलं. स्क्रू उचलला. पुसला. थेंब लावला. पुसला कशाने? डावा हात आपसूक डावीकडे गेला. डावीकडे तेलाचं फडकं असतं.



भाऊ वनरक्षक होता. दोन दिवसांपूर्वी जखमी रानडुकराने एका माणसाची मांडी फाडली होती. ते उंच गवतात दडून बसलं होतं आणि आज त्याच्या मागावर जायचं होतं. अशा जनावरावर पहिलीच गोळी बसावी लागते. चुकली तर ते पळत नाही, अंगावर येतं.

तिने फोन लावला.

"ताई, निघायच्या गडबडीत आहे गं."

"दुर्बीण नीट आहे का?"

"सकाळी पाच गोळ्या मारून बघितल्या. पाचही एका वाटीत. भाऊजींचं काम आहे, हलतंय कशाला?"

"ती रायफल नेऊ नकोस आज."

"का? स्वप्न पडलं का तुला?" तो हसला. मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन कटला. परत लावला तर बंद.

मिस्त्रींना तिने चार वाक्यांत सांगितलं. पॉलिशचा बोळा त्यांच्या हातातच राहिला. "पाच गोळ्या टिकली म्हणतोय ना?"

"पाच टिकली. जीपमधून दगडाधोंड्यांचा रस्ता झाल्यावर सहावी?"

 मिस्त्रींनी उठून छोट्या पान्यांची डबी तिच्या पिशवीत टाकली.

स्कूटरवर तिचे हात इतके गार पडले की ब्रेक दाबलेला तिला कळत नव्हता. डोळ्यांपुढे गवत येत होतं आणि गवतात भाऊ, लहानपणी लपाछपीत बसायचा तसा उकिडवा. एका वळणावर तिने जिवाला दटावलं, आधी पोच तर.

वनखात्याच्या चौकीसमोर जीप सुरू होती. मागे दोन रक्षक बसले होते, भाऊ आणि एक मिशाळ. पुढे त्यांचे साहेब. ती सरळ जीपसमोर जाऊन उभी राहिली.

"रायफल उघडून बघायचीय," ती म्हणाली.

भावाचे कान लाल झाले. "ताई, घरी जा. सगळे बघतायत."

"बाई, दुर्बीण उतरवली की नेम गेला," साहेब शांतपणे म्हणाले. "परत जुळवायला वेळ लागेल. मिस्त्रींचं काम मी वर्षानुवर्षं बघतोय."

"मिस्त्रींनी नाही बसवली. मी बसवली. गेली अकरा वर्षं मीच बसवतेय."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मिशाळ हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही मिस्त्रींना उगाच दुवा देत होतो."

कुणी हसलं नाही. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

जीपच्या बॉनेटवर तिने टॉवेल पसरला. भावाने रायफल रिकामी करून ठेवली. आता तिला वेगळीच धास्ती वाटली. स्क्रू घट्ट निघाले तर? भर चौकीत भावाची आणि नवऱ्याची शोभा तिने फुकट केली असती. तरी मनातून ती तेच मागत होती. घट्ट निघू देत. मला वेडी म्हणू देत.

कड्या सुटल्या, दुर्बीण उतरली. पहिल्या स्क्रूला पाना लावला. थोडा जोर, मग एकदम मोकळा. नीट पकडलेला स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत कुरकुरत निघतो, कोरडी निळी पूड टाकतो. हा बोटांनीच फिरत वर आला. आट्यांवर निळा चिकट ओलावा होता, तेलाने चकाकणारा. दुसरा तसाच. तिसराही. चौथा, मागचा, आधीच अर्धा फेरा सुटलेला होता.

तिने ओलं बोट भावापुढे धरलं. तो जीपच्या कडेला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांवर कोपरं टेकवून जमिनीकडे बघत राहिला.

"तू थांब आज," साहेब त्याला म्हणाले. मग मिशाळकडे वळले. "तुझी रायफल आहे ना? चल."

तिने सुटकेचा श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि मिशाळच्या खांद्यावरच्या रायफलीची दुर्बीण तिला दिसली. त्या कड्या तिच्या ओळखीच्या होत्या.

"ही कधी बसवून नेलीत?"

"शनिवारी."

शनिवारी बाटलीत काही होतं का? तिने आठवायचा आटोकाट प्रयत्न केला. बाटली, बूच, वास, काहीच हाती लागेना. शनिवारचा हात तिला दिसतच नव्हता.

मिशाळच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली होती. त्याने खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला. "वहिनी, माझी तर बरोबर असेल ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "द्या इकडे."

साहेबांनी हात लांब करून जीपची किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.