वहिनी नसलेली गोष्ट

पत्र आलं की सहदेव ते लगेच फोडायचा नाही, दिवसभर खिडकीत ठेवायचा. फळा पुसायला फडकं असलं तरी शर्टाची बाही वापरायचा. काही विचारलं की "असेलही, नसेलही" म्हणायचा आणि मग हसायचा. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून चालताना मित्राला उजवीकडे घ्यायचा. आमटी आंबट झाली तर बोलायचा नाही, पण पाणी फार प्यायचा. लहान मुलांशी बोलताना उकिडवा बसायचा.

दौलतला आता हेच आठवत राहतं. मोठं काही आठवू म्हटलं तर आठवत नाही.

दौलत नुकताच बी.ए. होऊन कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागला होता. सहदेव तिथेच विज्ञान शिकवायचा. वयाने दहाएक वर्षांनी मोठा, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "अहोजाहो नको रे. माझं वय मला आधीच ऐकू येत नाही."

राहायला तो ठाकुर्लीला, एका चाळीत. दोन खोल्या. घरात दुसरं माणूस एकच, त्याची वहिनी रखमाबाई. स्वातंत्र्याच्या वर्षी आषाढात तिचा नवरा, म्हणजे सहदेवचा थोरला भाऊ तानाजी, कोकणात गावी जायला मुंबईहून निघाला. त्या दिवशीची बोट बुडाली. तानाजी तिच्यावर चढला होता का, हे पाहिलेला माणूस कधी भेटला नाही. प्रेतही लागलं नाही.

अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. नाहीच आला, तर पळसाच्या देठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो गेला. तोवर बाईने कुंकू पुसायचं नाही.

रखमाबाईने पुसलं नव्हतं. पण चाळीतल्या बायकांची पंचाईत व्हायची. हळदीकुंकवाला बोलवावं तर भीती वाटते, न बोलवावं तर पाप. मग एखादी पोर यायची आणि दारातच कुंकू टेकवून पळायची.

एकोणसाठ साली बारा वर्षं भरत आली. सहदेव विषय काढीना. वहिनीचं कुंकू आपण आपल्या हाताने कसं पुसायचं, असं त्याला वाटे. आणि त्याच सुमारास त्याने गोष्ट लिहायला घेतली.

गोष्टीचं मूळ रद्दीत सापडलेल्या एका विज्ञानाच्या पुस्तकात होतं.

"अणूतला कण," तो दौलतला सांगायचा, "पाहिला नाही तोवर एका जागी नसतोच म्हणे. इथेही असतो, तिथेही असतो. पाहिला की एक जागा ठरते."

"आमच्या वाङ्मयात याला संदिग्धता म्हणतात. मार्क कापतात."

"थट्टा नको. याचा अर्थ काय, यावर मोठमोठे लोक भांडतायत. एक म्हणतो, आपलं पाहणंच ठरवतं. दुसरा म्हणतो, सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला कळलेलं नसतं एवढंच."

"आणि तू?"

"मी पहिल्याच्या बाजूचा. त्यात गोष्ट आहे."

गोष्ट दोन भावांची होती. थोरला बोटीवर जायला निघतो. बोट बुडते. धाकटा कोणालाच काही विचारत नाही. जोवर तो विचारत नाही, तोवर रोज संध्याकाळी थोरला घाटी चढून घराकडे येत असतो, त्याच्या वहाणा वाजत असतात. गावातला कोणी बातमी घेऊन येताना दिसला की धाकटा कानात बोटं घालून रानात पळतो. असा तो म्हातारा होतो, आणि वहाणा वाजतच राहतात.

एका रविवारी त्याने ती ठाकुर्लीच्या घरी वाचून दाखवली. रखमाबाई सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. दौलतला गोष्ट फार आवडली. दिवाळी अंकाला पाठवायचीच, असं तो म्हणाला.

"वहिनी, तुम्हाला कशी वाटली?" सहदेवने विचारलं.

"चांगली आहे." तिने हात थांबवले नाहीत. "थोरल्याचं लग्न झालं नव्हतं का, भावजी?"

"गोष्टीत?"

"गोष्टीतच विचारते."

सहदेव कागद चाळायला लागला, जणू त्यात कुठे असेल.

"धाकटा रानात पळाला," रखमाबाई म्हणाली. "त्याला बरं आहे, रान आहे. ती कुठे पळाली?"

तिने पुढचा बोंबील उचलला.

"बारा वर्षं तुम्ही तुमच्या दादांना मधेच धरून ठेवलंय. माझ्यासाठी, असं तुम्हाला वाटतं. पण मधे ते नाहीत, भावजी. मधे मी आहे. समुद्राने जे करायचं ते त्याच दिवशी केलं. मला कळलं नाही, एवढंच." बोंबलाचं डोकं मोडून तिने ताटात टाकलं. "मी अजून रडलेसुद्धा नाही. रडले तर अपशकून. मला एकदा रडू द्या."

सहदेव तिच्या समोर येऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "गोष्ट पुन्हा लिहितो. पण आधी दादाचं करतो."

भटजींनी पुतळ्याचे देठ कसे लावायचे ते सांगितलं. देठ आपणच आणायचे, असं सहदेवने ठरवलं. तो कोयता घेऊन शहाडच्या पलीकडच्या माळावर गेला. परत आला तेव्हा भारा मोठा होता आणि अंगठ्याला चिंधी होती. कोयता जुना, गंजलेला. रखमाबाईने जखमेत हळद भरली. शाळेत दौलतने विचारलं तर म्हणाला, "पळसानं ओळख करून घेतली."

संध्याकाळी तो पुतळा बांधत बसायचा. आधी पाय बांधले. मग धड. सुतळी दातात धरून गाठ मारायचा.

पुढच्या आठवड्यात वर्गात शिकवताना त्याला तोंड उघडेना. पोरांना वाटलं, सर नक्कल करतायत. पोरं हसली. हसू ऐकून दौलत शेजारच्या वर्गातून बघायला आला, आणि त्यालाही क्षणभर हसूच आलं.

तो धनुर्वात होता. दवाखान्यात खोली अंधारी ठेवली होती, कारण उजेडाने झटके यायचे. दौलत उजव्या बाजूला बसला. सहदेवला बोलता येत नव्हतं. तो नुसता बघत होता, आणि चौथ्या दिवशी तेही थांबलं.

गावाहून चुलतभाऊ आला, राघो. त्याने अग्नी दिला. इथे प्रेत होतं, पाहणारे होते, असेलही-नसेलही काही नव्हतं. रखमाबाई रडली. बायका तिला धरू शकत नव्हत्या. चाळ म्हणाली, बघा, दिरावर केवढी माया. ती कोणाकोणासाठी रडत होती, हे विचारायची छाती कोणाला झाली नाही. दौलतला झाली नाही.

सुतक फिटलं. राघोची भाताची लावणी खोळंबली होती. तानाजीचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून तो गावी गेला.

दौलत महिन्याभराने ठाकुर्लीला गेला. रखमाबाईच्या कपाळावर कुंकू होतं. तिने चहा केला. आतल्या खोलीत, भिंतीशी, पुतळा सतरंजीवर ठेवला होता.

"भटजी म्हणतात, राहिलेलं दुसऱ्याने बांधलं तरी चालतं," ती म्हणाली. "मी बसले होते बांधायला. भावजींची गाठ मला जमत नाही."

देठ सुकून तपकिरी झाले होते. पाय नीट होते. धड नीट होतं. डावा हात बोटांपर्यंत बांधलेला होता. उजव्या हाताचे देठ बाजूला मोजून ठेवले होते, आणि त्यांच्यावर सुतळी.