थप्पीआड

तुमसरच्या त्या राईस मिलमध्ये आग लागली भुशाच्या ढिगाला, आणि अडकलो आम्ही शेजारच्या धानाच्या गोदामात. आग बाहेरच होती, पण तिचा सगळा धूर गोदामात शिरत होता.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आग लागली की शटर ओढून अग्निशमनच्या गाडीमागे धावणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. माझा जोडीदार शाळेत मास्तर, आणि अंगाची ऊब टिपणारा थर्मल कॅमेरा त्याच्या हातात. त्या दुपारी डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळीच्या टोकाला दोन पांढरे तळपाय दिसले. डबा खाऊन गारव्याला झोपलेला हमाल होता तो. मास्तर बोळीच्या तोंडाशी थांबला आणि मी रांगत जाऊन त्याला उठवला. परत वळतो तोच पंपाच्या पाण्याने भिजलेली थप्पी खचली आणि पोती धडाधड बोळीत पडली. मागे भिंत, समोर पोती, दोन्हीकडे पोती.

मला आधी रागच आला. मिलवाल्यावर, थप्पी लावणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त त्या हमालावर, कारण तो आरामात भिंतीला टेकून बसला होता.

"काहून घाबरून राहिले बापू? तो क्यामेरा हाये ना मास्तरजवळ. भिंतीपल्याडचंबी दिसते त्यात."

"नाही दिसत काकाजी. वरवरचंच दिसते. पोत्यामागचा माणूस नाही दिसत."

"मंग मी कसा दिसलो?"

"पाय उघडे होते तुमचे, अन् बोळ मोकळी होती."

त्याचा चेहरा उतरला. तो उठून पोती ढकलू लागला तशी वरून आणखी एक घसरलं. मी त्याला खाली ओढलं. आम्ही ओरडलो, पण बाहेर पंप धडधडत होता. धूर छताकडून खाली उतरत होता. माझ्या गळ्यातला ओला दुपट्टा आम्ही आळीपाळीने नाकाला लावत होतो, आणि माझी पाळी लवकर यावी असं मला वाटत होतं. जागा इतकी अरुंद की त्याचा खोकला माझ्या छातीत जाणवायचा.

समोरच्या पोत्यांत एक फट होती. मी हात घातला. अंगातल्या अग्निशमनच्या जाड कोटाची बाही कोपरापाशीच अडकली. जोर लावत असतानाच मला सरावाचा दिवस आठवला. मास्तरने मला कॅमेऱ्यात पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "तुहं तर फक्त तोंडच दिसते गा, बाकी सारा अंधार." आगीपासून वाचवणारा कोट आतली ऊब बाहेर येऊच देत नाही. म्हणजे बाही पलीकडे पोचली असती तरी मास्तरला दिसली नसती. कोट काढायला तिथे जागा नव्हती.

हमालाच्या अंगात नुसती बनियन होती, हात उघडे.

"काकाजी, तुमचा हात घाला. जाईल तितका. अन् बोटं हलवत राहा."

त्याने खांद्यापर्यंत हात घातला, गाल पोत्याला घासला गेला. "पोचला," म्हणाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मास्तर माणसं बोलवायला गेला असेल, भलत्याच टोकाकडून पोती काढत असतील, असं काहीबाही मनात येत होतं. मला घरची आठवण येत होती आणि ती नकोशी वाटत होती.

"हात भरून आला बापू."

"काढू नका."

"नाही काढत."

तो खोकत होता. मी दुपट्टा त्याच्या नाकावर धरला आणि तसाच धरून ठेवला.

मग तो एकदम गप्प झाला. मला वाटलं, शुद्ध गेली.

"धरला," तो हळूच म्हणाला. "कोनंतरी धरला बापू."

मी रडलो, मोठ्याने. पलीकडून एकेक पोतं सरकायला लागलं. फटीतून उजेड आला तेव्हा मला दिसलं, बाकीचे लोक पोती उपसत होते आणि मास्तर गुडघ्यांवर बसला होता. कॅमेरा बाजूला पडला होता. पोती ओढायला एकेक हात हवा होता, पण त्याने काही हमालाचा हात सोडला नाही.