ताई जागी होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता

आज मंगलताईला जाऊन वर्ष झालं.

शेवटच्या महिन्यातही ती माझ्याशी कडाकडा भांडली. त्याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बडोद्यातल्या एका शाळेत तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर आमच्याकडे, बडोद्यातच तरसालीला राहायला आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या बायकोला, वृषालीला म्हणाली, "मी स्वभावाने तिखट आहे. आधीच सांगून ठेवते."

मग कॅन्सर झाला. मणक्यापर्यंत गेला. मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं, आता घरीच सांभाळा.

आणि ताई एकदम शांत झाली.

काही मागायची नाही. काही बोलायची नाही. आमटी अळणी असली तरी गिळायची.

मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, "ताई किती सहन करते! तोंडातून ब्र नाही."

आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

एका दुपारी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे अशा आजारात दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरबेन घरी आल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही. खुर्ची ओढून ताईच्या जवळ बसल्या.

"मंगलबेन, रात्रे ऊंघ आवे छे?"

रात्री झोप येते का, एवढंच विचारलं. आणि ताई रडायला लागली.

आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

किती दिवस झाले झोपून, तिलाच आठवत नव्हतं. आडवं पडलं की कळा यायच्या. आवाजाने आम्ही उठू नये म्हणून ती मुठी आवळून चादर दातांत धरायची.

वृषाली हळूच म्हणाली, "तरीच. धुताना बघते, चादरींची टोकं विरलेली. मला वाटलं, जुन्या झाल्या."

आम्ही रोज विचारत होतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. झोपलीस का, हे कोणीच विचारलं नव्हतं.

डॉक्टरबेननी मॉर्फिन सुचवलं. आणि आडवा कोण आला? मी.

"मॅडम, सवय लागली तर? सारखी गुंगीत राहिली तर?"

त्या न चिडता म्हणाल्या, "भाई, ही झोपेची गोळी नाही. दुखणं कमी होईल, मग झोप आपली आपण येईल. सुरुवातीला थोडी सुस्ती वाटेल. डोस मी बघीन, रोज फोन करीन."

मी तरीही "विचार करून सांगतो" म्हणालो.

तेव्हा ताई बोलली. "बाळ्या, तू रात्री झोपतोस ना? मग हे मला ठरवू दे."

मी डॉक्टरबेनना म्हणालो, "लिहून द्या."

डोस बसायला तीन-चार दिवस गेले. मग एका सकाळी आठ वाजले तरी ताई उठली नाही. मी दारात उभा. छाती वर-खाली होतेय ना, ते बघत होतो. हाक मारायची हिंमत होईना.

साडेआठला तिने डोळे उघडले. बराच वेळ हललीच नाही.

"ताई?"

"थांब. दुखत नाहीये. हलले तर परत येईल."

मग सावकाश कुशीवर वळली. परत थांबली.

"नाही आलं," म्हणाली. आणि हसली.

त्या दिवशी दुपारी ताटावर बसून तिने वृषालीला सुनावलं, "कढीत साखर घालतेस की साखरेत कढी? इतक्या वर्षांत पुरती गुजराती झालीस!"

वृषाली स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली.

पुढचे अडीच महिने आमच्या घरात आमची खरी ताई होती. पेपरातल्या चुका पेनने दुरुस्त करणारी. मी न्यूज चॅनल मोठ्याने लावला की ओरडणारी. तिच्या शाळेतल्या मैत्रीण हंसाबेन जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमधून रिक्षाने यायच्या. दोघी पत्ते खेळायच्या आणि ताई सर्रास चिटिंग करायची. एकदा हट्टाने गाडीत बसून सेव उसळ खायला गेली. चारच चमचे खाल्ले. पण तर्री मागून घेतली.

मधे स्कॅन झाला होता. रिपोर्टमध्ये काहीही सुधारलेलं नव्हतं. गाठ तीच, मणका तोच.

फक्त माझी बहीण रात्री झोपत होती.

एवढ्याशा गोष्टीत अख्खं माणूस परत येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटच्या आठवड्यात तिला आपोआपच ग्लानी येऊ लागली. डॉक्टरबेननी समजावलं, हे औषधाचं नाही, आता शरीर आवरतं घेतंय.

गेली ती सकाळी. उन्हं पलंगावर आली होती. हंसाबेन उशाशी बसल्या होत्या. त्यांनीच मला बोलावलं. "भाई, जरा आव तो."

चेहऱ्यावर एकही आठी नव्हती. वृषालीने हात नीट ठेवायला घेतले, तर दोन्ही मुठी सैल, बोटं उघडी.

ताई, तुला वाकून नमस्कार.

तुझा बाळ्या