अंबाड्याच्या चापाचं माप

मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून वस्तू करायचं वेड आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत शिरलं तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. जिच्या तिच्या खिडकीत दोऱ्यांचे झुले टांगलेले असायचे. मी नाशिकरोडला दोन महिने क्लास केला आणि झुल्यांऐवजी अंबाड्याचे चाप करू लागले. तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची गाठींची जाळी आणि तिच्यातून आरपार जाणारी लाकडी काडी. सोळा पदर, बारा सेंटिमीटर लांबी. जाळी जेवढी लांब हवी त्याच्या चौपट दोरा लागतो, आणि तो मधोमध दुमडायचा म्हणून पुन्हा दुप्पट. म्हणजे शहाण्णव सेंटिमीटरचे आठ तुकडे. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं, कारण दोरा एकदा कापला की वाढवता येत नाही.

नणंदेचं लग्न ठरलं. चार वर्षं तिची वेणी मी घातली होती, साडीच्या निऱ्या मी धरल्या होत्या. मग धाकट्या दिरांचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली आणि सहा महिन्यांत नणंद जावेच्या पलंगावर लोळायला लागली. दोघी कशाला हसायच्या ते मला कळायचं नाही. मी आत गेले की हसणं थांबायचं.

जावेनं माझं बघून बघूनच गाठी शिकून घेतल्या. क्लासची एक पैही न भरता. एक दिवस नणंद आम्हा दोघींना म्हणाली, "रिसेप्शनला अंबाडा घालणारे. दोघी एकेक चाप करा, आवडेल तो लावीन. रुसायचं नाही हं!"

दुपारी जाऊ कात्री घेऊन आली. "ताई, दोरा किती पट कापू?"

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तिप्पट."

"आणि दुमडायचा म्हणून दुप्पट ना?"

"हो."

उभ्या आयुष्यात मी कोणाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही. तो एक सांगितला, आणि जाणून बुजून. तिनं बहात्तरचे आठ तुकडे कापले. मोतिया रंगाचा तो दोरा दुकानात संपला होता, हेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तिचा दोरा कमी पडला. टोक जुळायला तीन सेंटिमीटर बाकी होते. ती माझ्याकडे आली नाही. बसल्या बसल्या तिनं मधापर्यंतच्या गाठी उलट सोडवल्या, तिथले दोरे नुसतेच पुढे नेले आणि पुढच्या गाठी पुन्हा घातल्या. बिनगाठीच्या भागाला दोरा कमी लागतो, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. टोक जुळलं. मधे रुपयाएवढी खिडकी राहिली.

नणंदेनं त्या खिडकीत शेवंतीचं फूल खोचलं आणि आरशात मान वळवून पाहिलं. "अय्या, छोटी वहिनी! हे कसं सुचलं गं तुला?" मग माझा हातात घेतला. एकही गाठ चुकलेली नव्हती. "वहिनी, तुझा फार सुबक आहे गं, पण जड वाटतो. कपाखाली ठेवायच्या चकतीसारखा." सासूबाईसुद्धा हसल्या.

रिसेप्शनला जो तो नणंदेच्या अंबाड्यातला जावेचा चाप बघत होता. शेजारची बाई आम्हा दोघींजवळ येऊन विचारू लागली, "काय हो, दोरा किती पट धरायचा?"

"ताईंनी सांगितलं तसा," जाऊ म्हणाली. "त्यांचं माप कधी चुकत नाही."

बाई माझ्याकडे बघत थांबली. दुसऱ्यांदा खोटं बोलायला जीभ वळेना. "चौपट," मी म्हणाले.

जावेनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. मी वाट बघत राहिले. तेवढ्यात ती बाईला म्हणाली, "बघा ना, मीच कापताना तिप्पट धरला. लक्षच नव्हतं माझं. म्हणून तर मधे भोक ठेवावं लागलं!" आणि दोघी हसत सुटल्या.

पुढे तिनं तो विषय कधीच काढला नाही, नणंदेपाशीही नाही. त्या संध्याकाळी मला शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून मी बघत होते ते नणंदेलाच. स्टेजवरून हात हलवून ती फोटोसाठी बोलावत होती, आणि आधी हाक मारली ती धाकट्या वहिनीला.