ताईचा नंबर राहिला

मी आयुष्यात एकदाच बेशुद्ध पडलो, तेही स्वतः भरवलेल्या आरोग्य शिबिरात.

मी खामगावला शाळेत विज्ञान शिकवतो. चाळिशी उलटली आणि मला तब्येतीचं वेड लागलं. पहाटे मेथीचं पाणी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, भात बंद, साखर बंद, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघून उसासे टाकणं (बायकोच्या मते यातलं शेवटचं लक्षण सर्वांत गंभीर!). घरात माझं कोणी ऐकेना, म्हणून मी मोर्चा वळवला ताईच्या गावाकडे, पिंपळगाव राजाला.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. तिच्या सासरी तब्येतीचे कायदे निराळे होते. भाऊजींच्या मते ज्याला दोन भाकरी जास्त जातात तो ठणठणीत. बैल लंगडला, तर मात्र तासाभरात ढोरांचा डॉक्टर गोठ्यात हजर! आणि ताई?

"ताई, पाय किती सुजलेत तुझे!"

"दिवसभर उभं राहा लागते ना, बापू. पाय हायेत तं सुजतीनच."

"आणि कंबर?"

"तिच्यासाठी दुकानातली गोळी हाये. रोज एक घेतली का दिवस निघते."

यावर मी तिला अक्रोड खाण्याच्या फायद्यांवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "अक्रोड म्हंजे ते मेंदूवानी दिसते तेच ना? ते तूच खाय. तुले गरज हाये." गोळी कोणती, किती वर्षांपासून घेतेस, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तर शिबिर. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर यायला तयार झाले आणि गावच्या आशा सेविकेनं, म्हणजे प्रज्ञाताईंनी, बुद्धविहाराचं सभागृह मिळवलं. सकाळी दहालाच रांग लागली. सगळे पुरुष! आणि बीपी म्हणजे जणू परीक्षेचे मार्क!

"माह्या एकशेतीस निघाला. तुह्या?"

"एकशेसाठ!"

"वा बे! जिंकला तू!"

मी समाधानानं हे सगळं पाहत होतो. तेवढ्यात प्रज्ञाताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, बाया कुठं हायेत?"

"येतील की."

"अशा नाई येत सर. घरून आणा लागतात." आणि त्या गेल्याच. अर्ध्या तासात दहाबारा बायका घेऊन आल्या. त्यात ताई! हाताला पीठ तसंच लागलेलं. तिला रांगेत सतरावा नंबर मिळाला. पन्नास वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या तब्येतीसाठी ती पहिल्यांदाच रांगेत उभी राहिली होती आणि चोरी करताना सापडल्यासारखी इकडेतिकडे पाहत होती.

पण सुई बघून बायका मागे सरकायला लागल्या. मग माझ्यातला शिक्षक जागा झाला.

"घाबरू नका! आधी माझं रक्त घेतील. बघा, काही होत नाही." मी बाही सरसावली. (आदल्या संध्याकाळपासून मी उपाशी होतो. तेव्हा सोळा तास उपाशी राहायची पद्धत चालू होती!) "हे म्हणजे नुसतं मुंगी चाव..."

वाक्याचा उरलेला भाग मी जमिनीवर पूर्ण केला, असं लोक सांगतात.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं ताईच्या मांडीवर होतं आणि ती शिबिराच्या रजिस्टरनं मला वारा घालत होती. रांग सोडून आली होती ती.

"बापू! सकायपासून काई खाल्लं का?"

"अ... अक्रोड. काल संध्याकाळी."

"ऊठ. घरी चाल."

"पण ताई, तुझा नंबर..."

"चूप!"

घरी नेऊन तिनं मला तीन चमचे साखरेचा चहा पाजला, गरम भाकर खाऊ घातली. तोवर डॉक्टरांची गाडी निघून गेली होती. प्रज्ञाताई धापा टाकत दारात आल्या. "ताई, तुमचा नंबर राह्यला!"

"पुढच्या टायमाले," ताई म्हणाली.

"हो, पुढच्या वेळी नक्की," मीही म्हणालो. तोंडात भाकर होती.

गावानं माझी पुष्कळ थट्टा केली. ताई तर पदर तोंडात धरून हसायची. पाच महिन्यांनी कापूस वेचताना ती शेतातच कोसळली. अकोल्याला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. बीपी कित्येक वर्षांचं, वर ती कंबरदुखीची रोजची गोळी.

"यांचं बीपी कधीच तपासलं नव्हतं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, "थे कधी बिमार पडलीच नाई, डॉक्टरसाहेब." ते अगदी खरं बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला आणि तो धिप्पाड माणूस तिथंच बाकावर बसून रडायला लागला.

डायलिसिसच्या वेळी मी जवळ बसायचो. मी आलो की ताई रक्ताची नळी चादरीखाली झाकून घ्यायची. "तू इकडं पाहू नको, बापू. पडशीन." आणि हसायची. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

संक्रांतीच्या आधी ती गेली.

दहावं झाल्यावर प्रज्ञाताई भेटायला आल्या. दाराशीच टेकल्या. मग म्हणाल्या, "सर, शिबिरानंतर मी तीनदा त्यायले दवाखान्यात चाला म्हटलं. आल्या नाईत. म्हणत, माह्या भावाले तब्येतीतलं सगळं समजते. मले काई असतं, तं त्यानं सांगतलं नसतं का?"

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात मला तज्ज्ञ मानणारं तेवढं एकच माणूस होतं!