पायऱ्यांचा रकाना

तो रकाना मीच पुसला. कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये बनारसच्या ठेकेदारी ऑफिसात रुजू झालो, घाटदुरुस्तीच्या नियोजनाची जुनी फाईल कंप्यूटरवर उघडली, तर कामांच्या यादीशेजारी बिननावाचा एक रकाना. त्यात ३१, ३८, ७, ४०. ना रुपये, ना दिवस. आधीच्या बाईंनी काहीतरी खरडून ठेवलंय असं समजून सगळं साफ केलं आणि वर हुशारीनं सेव्हही केलं. पाचोऱ्याच्या शाळेत स्वच्छतेचं बक्षीस मिळालेला माणूस मी.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडताच तारखा सरकलेल्या. सगळ्यात खालच्या पायऱ्यांची दुरुस्ती थेट जुलैअखेर! तेव्हा तिथं गंगा असते, गवंडी नसतो.

ठेकेदार पाठकजींनी तक्ता पाहिला. "का हो महाराष्ट्र, मिस्त्री को गोताखोरी सिखाओगे?" मग हसणं थांबवून, "शनिच्चर तक सही चार्ट. नहीं तो काशी-दर्शन पूरा समझो, घर जाओ."

तो मंगळवार होता. तारखा हातानं दुरुस्त कराव्यात, फाईल बंद करावी, उघडली की पुन्हा जुलै. आतला एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, दर वेळी सगळं नव्यानं मांडायचा. तो वाचायला घेतला तर आत नुसतं के-एक, के-दोन. खुलाशाची एक ओळ नाही. तो बंद केला तर दोनशे सहा कामं एकाच दिवशी उभी राहिली, एक एप्रिलला. दिवसातून दोनदा वीज जायची. फाईलची जुनी प्रत जपून ठेवलेल्या फ्लॉपीला बुरशी.

शुक्रवारी नाक मुठीत धरून दूधविनायक मोहल्ल्यात त्या आधीच्या बाईंच्या घरी गेलो. प्रमोदिनीबाई आमच्या ऑफिसात तीस वर्षं नकाशे ट्रेस करायच्या. कंप्यूटर आला तेव्हा इंजिनियर लोकांनी त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं; बाईंनी ते काढलं. पंचावन्नाव्या वर्षी, पुस्तक मांडीवर घेऊन, एकट्या शिकल्या. गुडघे गेले म्हणून घरी बसल्या. निरोपाला शाल मिळाली. फाईलबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नाही.

"काकू, तो बिननावाचा रकाना कसला होता?"

"होता म्हणजे?"

सांगितलं. त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"अरे भैया, तू तर झाडूच मारलास! पायरी नंबर होते ते, वरून मोजलेले. पाणी खालून चढतं ना? म्हणून मशीनला सांगून ठेवलं होतं, मोठा नंबर आधी. चाळिसावी जूनमध्येच बुडते."

"मग कुठं लिहून का नाही ठेवलंत?" मी चिडलोच.

"कोणासाठी? विचारलं कोणी?"

मी यादी काढली. त्यांनी डोळे मिटले. मी कामं वाचत गेलो, त्या नंबर सांगत गेल्या.

"नाव बांधायची कडी?"

"सदतीस."

"मढीची, त्या घाटावरच्या चौथऱ्याची, फरशी?"

"सत्तावीस. नीट लिही, सात नव्हे."

अडल्या एकदाच, बुरुजाखालच्या निखळलेल्या दगडाला. "एकोणचाळीस की चाळीस? लहानपणापासून मोजल्यात रे मी, आणि आता..." स्वतःवरच करवादल्या. "चाळीस लिही. काम आधी झालं तर नुकसान नाही."

निघताना म्हणाल्या, "हे फुकट नाही हं. पाणी चढायच्या आत मला नावेतून तिथं ने. पायऱ्या उतरवत नाहीत आता. खालून बघीन, एकोणचाळीस की चाळीस."

"ह्याच रविवारी, काकू."

शनिवारी आकडे भरून फाईल उघडली. खालच्या पायऱ्या मुकाट एप्रिलमध्ये जाऊन बसल्या. पाठकजी खूश. "देखा, मन लगाओ तो हो जाता है." मी "जी" म्हणालो. काकूंचं नाव घेतलं नाही.

त्या रविवारी सिमेंटचा ट्रक आला. पुढच्या रविवारी मुकादमाचं भांडण. मग मे, मग जून, कामं वेळेत उरकली आणि चाळिसावी वेळेत बुडाली. आता ऑगस्ट आहे, पाणी बाराव्या पायरीवर. दूधविनायकाकडून जायची वेळ आली की मी पलीकडची गल्ली धरतो.