आमच्या मतदारसंघातला चहा

गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मला आमच्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला सांगितला होता. पुनर्रचनेत तो मतदारसंघ मोडला, त्याचे तुकडे शेजाऱ्यांना वाटून टाकले. आता त्याचं नाव उरलंय ते लग्नपत्रिकेतल्या एखाद्या 'माजी आमदारा'च्या खाली, कंसात. मी पाटोद्याच्या तहसील कचेरीत दोन खेपा घातल्या, सीमा उतरवून घेतल्या आणि लेख दिला. तो इतका रटाळ झाला की मलाच परत वाचवेना. खरं तर त्या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे चहा टाळण्याच्या कारणांचा इतिहास आहे, पण ते शाळेच्या स्मरणिकेत छापलं नसतं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, छप्पनपासून बौद्ध. वडील पोस्टात कारकून होते, पण सगळं गाव त्यांना पोस्टमास्तर म्हणायचं. दर निवडणुकीत आमचे आमदार साहेब यायचे. आधी वरच्या आळीत तीन घरी चहा व्हायचा, एका घरी तर बशीत ओतून, चवीनं. मग आमच्या दारात हात जोडून उभे. वडिलांनी त्यांच्याकडे ना रस्ता मागितला ना नोकरी. साहेबांनी आमच्या घरात बसून कपभर चहा घ्यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या वेळी साहेब म्हणाले, "आत्ताच झाला." पुढच्या निवडणुकीत पित्त झालं होतं. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरनं साखर बंद केली होती. म्हणून नंतर मायनं बिनसाखरेचा केला, तर साहेबांना चतुर्थी निघाली. वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चतुर्थी होऊन चार दिवस झाले होते. मी संतापले, पण वडील शांतपणे म्हणाले, "पुढल्या टायमाला बघू." त्यांच्या या चिकाटीचाच मला जास्त राग यायचा.

मग मतदारसंघ मोडला. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मी घाटनांदूरहून माहेरी आले होते. साहेबांच्या ड्रायव्हरनं सवयीनं ओढा ओलांडून गाडी आमच्याकडे वळवली. वस्तीही सवयीनं जमली, कुणीतरी हारसुद्धा आणला. साहेबांनी झाडून सगळी आश्वासनं दिली, समाजमंदिराला वरचा मजला चढवला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि मग म्हणाले, "साहेब, आमचं गाव आता तुमच्यात न्हाई. वढ्याच्या पल्याड तुमची हद्द."

साहेबांनी पीएकडे पाहिलं, पीएनं ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर टायरची हवा बघायला खाली वाकला. मी तोंडाला पदर लावला.

"मग आदी कावून न्हाई सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"भाषण लई रंगलं होतं. आता मतांची घाई न्हाई. बसा, चहा टाकायला सांगतो."

साहेबांनी एकदा वरच्या आळीकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसले. मायनं चहा आणला, साखर घालून. त्यांनी मुकाट्यानं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. "वैनी, चहा लई चांगला हाय," म्हणाले. मायचा चेहरा उजळला. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. एवढंसं काम, आणि त्याला एवढी वर्षं लागली.

वडिलांनी विचारलं, "इतके साल कावून घेतला न्हाई?"

साहेब कपात बघतच म्हणाले, "खरं सांगू का पोस्टमास्तर? हितं घेतला असता तर वरच्या आळीची मतं गेली असती. तुमची तर माझीच होती."

मला वाटलं, आता वडील उठून बाहेर जातील. ते उठले नाहीत. त्यांनी शांतपणे मान हलवली.

"आता मीबी खरं सांगतो. आमच्या घरातलं एकबी मत तुमाला कधी पडलं न्हाई."

साहेबांचा कप ओठापाशीच थांबला. "एकबी?"

"न्हाई. चहा घेतला की द्यायचं, असं ठरलं होतं आमचं."